पाठमोरी सरस्वती

रंगरावानं लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड पडद्याकडे वळवलं.

"चेहऱ्याकडे नको पाहू, बेबी. चेहरा मुंबईचा हाय. लुगडं पाह्य. लुगडं तुह्या मायचं हाय."

धामणगाव बढ्याच्या तंबूत सिनेमाचा आज शेवटचा दिवस. आधीचे दोन दिवस रंगराव एकटाच येऊन रडून गेला होता; आज सोळा वर्षांच्या बेबीला आणि सासूला, रुखमाबाईला, गाडी जुंपून घेऊन आला होता. बेबी सव्वा महिन्याची असताना तिची माय, सरस्वती, गेली. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, म्हणून काढला नव्हता. आयुष्य तरीही कमीच निघालं.

दोन वर्षांपूर्वी सिनेमाची कंपनी रोहिणखेडला उतरली, तेव्हा कपडेपटाच्या साहेबाला खरीखुरी विटलेली लुगडी हवी होती. जुनं द्या, नवं घ्या. रंगरावानं सासूनं जपून ठेवलेलं सरस्वतीचं लुगडं मागून नेलं आणि ती ते कसं नेसायची, हे धोतरावरच नेसून साहेबाला दाखवलं. गाव आठवडाभर हसलं. पुढे त्या कपड्यांना मोठं बक्षीस मिळालं. लुगडी झिजवली रोहिणखेडच्या बायांनी, हार पडला साहेबाच्या गळ्यात. पण रंगराव अशा थाटात फिरला की हाराचं ओझं जणू त्यालाच झालं होतं.

पडद्यावर नायिका घागर घेऊन नदीकडे निघाली. पाठमोरी. पदर डाव्या कमरेला खोचलेला, थेट सरस्वतीसारखा. बेबीनं श्वास रोखला.

रुखमाबाईनंही रोखला. पडद्यावर गुडघ्यामागे दिसणारं ते ठिगळ तिनं स्वतःच लावलं होतं, स्वतःच्या लुगड्याला. मायलेकींची हिरवी लुगडी चिखलीच्या बाजारात एकदमच घेतलेली, अगदी सारखी. जावयानं मागितलं तेव्हा लेकीचं हातातून सुटेना, म्हणून नवरा गेल्यापासून पेटीत पडलेलं आपलं तिनं काढून दिलं. पुरुषांना काय कळतंय, असं तिला वाटलं होतं. कळलं नाहीच. पण तो दोन दिवस रडून आला, तेव्हा आज खरं सांगून टाकायचं, लेकीचं लुगडं नातीच्या हातात द्यायचं, असं ठरवूनच ती गाडीत बसली होती.

पुढे नायिका मेली. तेच लुगडं चितेवर चढलं. तिकीट काढून स्वतःची चिता बघणारी रुखमाबाई ही रोहिणखेडातली पहिलीच असावी. बसल्या जागची माती तिला गार लागू लागली.

शेजारी बेबी हुंदके देत होती. मायसाठी ती आजवर कधी रडली नव्हती. रडायला डोळ्यांपुढे काही नव्हतंच.

"आजी, माय अशीच दिसे काय?"

रुखमाबाईनं जावयाकडे पाहिलं. उत्तराची वाट पोरीपेक्षा तोच जास्त पाहत होता.

"हाव," ती म्हणाली. "चाले बी अशीच."

रंगरावानं उपरण्यानं डोळे पुसले. बत्त्या लागल्या, माणसं उठू लागली. रुखमाबाई मात्र जागची हलली नाही. अंगावरचं लुगडं तरी शाबूत आहे ना, हे तिनं आधी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, मग उठली.