कारखान्याकडचा वारा

त्या रविवारी बाबा सिंकखाली डोकं घालून आडवे झाले होते आणि लेक ओट्याला टेकून तिच्या संशोधनासाठी लॅपटॉपवर शहरातला जुना वारा चाळत होती.

"दिसलं का गं आमचं काम?" सिंकखालून आवाज आला. "आधी पाना दे. मग सांग."

काम म्हणजे कारखान्यातले कोळशाचे बॉयलर गॅसवर आणणं. बाबा तिथे फोरमन होते. मालकाच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी ते करवून घेतलं होतं. त्याच वर्षी शहरातला गंधकाचा धूर उतरला. पण माशी शिंकली ती इथे, की त्याच वर्षी पालिकेच्या गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्रही बदललं होतं. मग खरंच हवा सुधारली, की नुसतं यंत्र?

शहरातल्या जुन्या वाऱ्याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. पण जगभरच्या जुन्या मोजमापांवरून संगणकाने तासातासाचं हवामान पुन्हा उभं केलं होतं. त्यातून तिने वारा उचलला. कारखान्याकडून वारा यायचा ते तास एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. यंत्राची करामत असेल तर धूर दोन्हीकडे सारखाच उतरणार. बॉयलरची असेल तर फक्त कारखान्याकडच्या वाऱ्यात.

"दोन्हीकडे सारखाच उतरलाय, बाबा."

"म्हणजे आम्ही नुसतीच हवा केली!" ते खदखदून हसले, डोकं पाइपवर आपटलं, तसे आणखीच हसले. "जाऊ दे. नळ गळायचा थांबला, एवढं तरी छाप तुझ्या शोधनिबंधात."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

घर खायला उठलं म्हणून ती लवकरच कामावर परतली. मन लागेना, तेव्हा सहज त्याच माहितीतून तापमानाचा आलेख काढला. त्यात कोवळ्या उन्हात शहर भट्टीसारखं तापलेलं आणि भर दुपारी गार. ती बघतच राहिली. मग खुर्ची मागे ढकलून ताडकन उठली.

"मॅडम, मी वेंधळी आहे!"

"ते माहीत आहे," शेजारच्या टेबलावरून तिच्या मार्गदर्शक म्हणाल्या. "आज नवीन काय?"

"घड्याळ! वारा जागतिक वेळेत आहे, यंत्र आपल्या वेळेत. साडेपाच तासांचा फरक! शहरातला वारा सकाळ-संध्याकाळ उलटा फिरतो. मी प्रत्येक तासाच्या धुराला भलताच वारा चिकटवलाय!"

"मग उभी काय राहिलीस? चालव परत."

वेळ जुळवून तिने सगळं पुन्हा चालवलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. बाकीच्या वाऱ्यांची रेघ जवळपास जागची हललीच नव्हती. कारखान्याकडच्या वाऱ्याची मात्र बॉयलर बदलले त्या हिवाळ्यापासून धाडकन खाली, आणि पुढे वर्षानुवर्षं खालीच.

मॅडम उठून आल्या. दोघींनी ऋतू वेगळे करून पाहिले, वादळी दिवस काढून पाहिले. रेघ काही हटेना.

"बाई गं," मॅडम म्हणाल्या, "हे पक्कं आहे!"

तिचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांच्या घरात कौतुक कधी सरळ होतच नसे. टोमणा मारायचा, समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. आता समजून घ्यायला समोर कुणी नव्हतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. मॅडम ऐकत होत्या; ऐकू देत. "फार मोठं काम केलंत तुम्ही. मला तुमचा अभिमान वाटतो. हे दिसायच्या आधीपासूनच वाटायचा."