दुसऱ्या मजल्यावरचा गट

तो कवळ्या बनवायचा. लोक त्याला कवळीवाला म्हणत, आणि त्याला ते मुळीच खपत नसे. तीस वर्षांत त्याने बनवलेले दात शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या तोंडात असतील, असं तो चारचौघांत सांगे. अलीकडे त्या कवळ्या परत येऊ लागल्या होत्या. एका महिन्यात तीन परत आल्या, तेव्हा दाताच्या डॉक्टरीणबाईंनी काम देणं बंद केलं. कारण विचारायची त्याची हिंमत झाली नाही. सकाळी दहा वाजता त्याच्या तोंडाला येणारा वास बाईंना काय कळत नव्हता?

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा पत्ता त्याच्या थोरल्या बहिणीने शोधला. लाँड्रीत चिकटवलेल्या कागदावरून तिने नंबर उतरवून घेतला, फोन केला, आणि वार-वेळ लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

"मी काय दारुडा आहे का, ताई?"

"नाहीस ना? मग जाऊन बघून ये. तुझं काय जातंय?"

तो गेला ते ताईची कटकट चुकवायला. आधी चुकून शिवणकामाच्या वर्गात शिरला. तिथल्या बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि न विचारताच म्हणाली, "वर. दुसरा मजला." हे त्याला फार झोंबलं.

वर ड्रायव्हिंग स्कूलची खोली होती. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात चिरून ठेवलेलं इंजिन, आणि गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नऊ माणसं. काय एकेक नग, असं त्याच्या मनात आलं. एक जाडा विमा एजंट आपण आई आजारी असताना काय केलं ते सांगत डोळे पुसत होता. एक नर्स मान डोलावत होती. घरचं धुणं चव्हाट्यावर आणायचं आणि वर त्याचं कौतुक करून घ्यायचं, हा कुठला उपचार? चहा तर असा, की कप नुसता विसळून दिलाय असं वाटावं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सांगितलं, "मी माझ्या भावासाठी चौकशीला आलोय."

कोणी हसलं नाही. याचाही त्याला रागच आला.

मग एक निवृत्त बस ड्रायव्हर बोलायला लागला. त्याला सगळे काका म्हणत. काकांची खालची कवळी प्रत्येक शब्दाला उचलली जात होती; मध्येच थांबून ते ती जिभेने बसवत. कवळीवाला मनात म्हणाला, हे कुठल्या गाढवाचं काम? दाढा एका बाजूला चढलेल्या, कड जाड. आणि तेवढ्यात त्याला वरचा डावा सुळा दिसला. केसभर तिरका. दात खरे वाटावेत म्हणून सुळा असा लावायची युक्ती शहरात एकाच माणसाची होती.

पुढचं त्याला काही ऐकू आलं नाही. मीटिंग संपताच तो जिन्याकडे सटकला, पण काका त्याच्या आधी दारात उभे होते.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत," ते म्हणाले. "मी ओळखलं. कवळी टोचते म्हणून घासून घ्यायला तुमच्याकडे आलो होतो. तेव्हा तुम्ही उभेसुद्धा राहू शकत नव्हता."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? सहा महिने मी या खोलीत तुम्हाला शिव्या घालतोय. भिकार काम केलंत तुम्ही."

त्याच्या कामाला तोंडावर भिकार म्हणणारा माणूस त्याला तीस वर्षांत भेटला नव्हता. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, "काढा ती. खालची बदलून देतो. पुढच्या गुरुवारी."

दुसऱ्या दिवशी त्याने काकांचं नवीन माप घेतलं, आणि तेच दात पुन्हा वापरायला जुनी कवळी ठेवून घेतली. शनिवार, रविवार, सोमवार तो प्यायला नाही. घाम फुटायचा, हात थरथरायचे, तरी मेणात दाढा ओळीत बसल्या. मंगळवारी हात स्थिर करण्यापुरती थोडी घेतली. बुधवारी उठला तेव्हा नव्या कवळीचे दोन तुकडे फरशीवर पडले होते, आणि ते कसे झाले हे त्याला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी जाऊ नये असंच त्याच्या मनात होतं. पण खालच्या कवळीवाचून आठवडाभर पातळ गिळत बसलेला म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना. तो गेला. त्याच खुर्च्या, तोच चहा. विमा एजंटाने आज नवीन रडगाणं काढलं होतं, आणि ते त्याला तितकंच कंटाळवाणं वाटलं. पाळी आल्यावर तो खाली बघत म्हणाला, "भाऊबिऊ कोणी नाही. मंगळवारी मी प्यायलो. काकांची कवळी फुटली."

नर्सने मान डोलावली. तिचं ते मान डोलावणं त्याला अजूनही असह्य होत होतं.

काका खालच्या दातांविना काहीतरी बोलले. कोणाला काही समजलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याला मात्र शब्दन् शब्द कळला. उभा जन्म दात नसलेल्यांचंच बोलणं ऐकण्यात गेला होता.

"उद्या सकाळी माप द्यायला येणार म्हणताहेत," त्याने सगळ्यांना सांगितलं. "नऊ वाजता. आणि म्हणताहेत, मी शुद्धीवर असलो तर बरं."