केळवणातली सांदणं

माझी धाकटी बहीण ऋजुता म्हणजे अगदी लोण्याचा गोळा, असं आम्ही सगळे समजत होतो. कसलं लोणी! त्या दिवसापासून मी तिच्यावरून जीव ओवाळून टाकते.

२००७ची गोष्ट. गुहागरच्या शौनकशी तिचा साखरपुडा झाला. तो पुण्यात नोकरीला, ही मिरजोळ्याला आंब्याच्या कारखान्यात, रस तपासायच्या लॅबमध्ये. आधी गोड बोलणारा मुलगा महिन्याभरात पार बदलला. ई-मेलला आठवडा आठवडा उत्तर नाही, आलंच तर त्यात खोड काढलेली. शेवटी म्हणे, लग्नाआधी नोकरी सोड. आणि ही वेडी राजीनामा द्यायला निघाली! मी तोंड वाजवलं, तर माझ्यावरच रुसली.

पण त्याच्या ई-मेलमधली इंग्रजी वाक्यं तिला खटकायची. शौनक असं लिहीत नसे. सायबर कॅफेत बसून तिने त्यातलं एक वाक्य शोधलं, तर अख्खी वेबसाइटच निघाली. बायको मुठीत कशी ठेवावी, याचे तरुण मुलांना सल्ले! उत्तरासाठी ताटकळत ठेवा, कौतुक करू नका, चारचौघांत चूक काढा, नोकरीचं खूळ आधी मोडा. मेल्यांनो, बैल पाळताय की काय? ती मात्र घरी येऊन मला सगळं सांगून एवढंच म्हणाली, "ताई, केळवणाला येऊ दे त्याला."

लग्नाआधीचं ते जेवण आमच्याकडे होतं. शौनक पुण्याहून थेट आला, त्याची आई उमाकाकू गुहागरहून. ऋजुताने पानं वाढली. फणसाच्या रसात वाफवलेल्या मऊ सांदणाचा पहिला घास घेऊन पठ्ठ्या सगळ्यांदेखत म्हणाला, "दगड झालेत नुसते. हिला माझ्या आईकडून शिकावं लागेल."

उमाकाकूंचा चेहरा उतरला. सांदणं त्यांनीच पहाटे उठून केली होती आणि डब्यातून आणली होती.

मला हसू आवरेना. ऋजुता हसली नाही.

"चारचौघांत चूक काढा, असं त्या वेबसाइटवर लिहिलंय," ती म्हणाली. "कोणी केलंय ते आधी विचारा, असं नाही लिहिलेलं. मीही वाचलंय सगळं, शौनक."

"अगं, सगळेच मित्र वाचतात... गंमत म्हणून," तो चाचरला.

"मग मी काय गमतीत राजीनामा देणार होते?"

तिने अंगठी काढून उमाकाकूंसमोर ठेवली. "काकू, तुमच्यावर राग नाही. पण मी उद्या कामावर जाणार, आणि हे लग्न करणार नाही."

आमच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता उमाकाकू कडाडणार. त्यांनी ऋजुताला जवळ घेतलं.

"मी शाळेत शिकवत होते गं," त्या म्हणाल्या. "याचे वडील 'सोड' म्हणाले, आणि मी सोडली."