बारा टोकं

विनी टलॉक माझ्या दुकानात आली तेव्हा बिशप तिच्या दोन्ही हातांवर आडवा होता आणि त्याचं आतडं तिच्या कोपरावरून लोंबत होतं. मी आधी गल्ल्यावरचा बिस्किटांचा डबा बाजूला घेतला आणि मग कुत्र्याला जागा केली. यावरून गावात अजून मला बोलतात. बोलोत. रक्ताची बिस्किटं त्यांच्यातल्या एकानेही घेतली नसती.

"दाभण," विनी म्हणाली. "आणि मासे धरायची दोरी. जाडी."

रानडुकराने तिची तीन कुत्री फाडली होती. दोन जागीच गेली. बिशप, डुकराला अडवून धरणारा तिचा मुख्य कुत्रा, अजून धुगधुगत होता. तिने आतडं मुठीने आत कोंबलं, गुडघा त्याच्या मानेवर ठेवला आणि टाके घालायला सुरुवात केली. बिशपने तिचं मनगट चावलं. तिने चावू दिलं.

"डुकराचं काय झालं?" मी विचारलं.

"गाडीत आहे."

मी डोकावून पाहिलं. एवढे वार डुक्कर मरायला लागत नाहीत. अर्धे तरी ते मेल्यानंतरचे होते.

अकराव्या टाक्याला बिशप गेला. विनीने बारावा पूर्ण केला, दोरी दाताने तोडली आणि हात पुसायला काही मागितलं. तेव्हा मागच्या फळीशी जंताच्या गोळ्या बघत उभा असलेला डार्सी डेव्हरी पुढे आला. डार्सी दारातून आत येताना थोडा तिरका होतो, एवढा रुंद. त्याच्या उजव्या हाताची बोटं दोनदा मोडून वाकडी जुळलीत, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या जबड्यावर.

"डचेस घे," तो म्हणाला.

डचेस म्हणजे त्याची कुत्री. अख्ख्या किनाऱ्यावर तिच्यासारखी दुसरी नाही. डुकराच्या तोंडापुढे उभी राहते आणि अंगाला ओरखडा लावून घेत नाही. लोकांनी तिच्या बदल्यात काय काय देऊ केलं ते मी ऐकलंय. एकाने तर मेहुणी देऊ केली होती.

"फुकट?" विनी म्हणाली.

"तुझ्या बापाची बंदूक दे."

एकतीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, लाल हरणांचे नर माजावर येऊन डुरकतात त्या दिवसांत, विनीचा बाप अ‍ॅब टलॉक आणि डार्सीचा बाप कॉन डेव्हरी एकमेकांना न सांगता केटल ओढ्यात शिरले होते. आमच्याकडे नराला बोलवायचं तर गटाराच्या पाइपचा हातभर तुकडा तोंडाला लावून डुरकायचं. नर चिडून उत्तर देतो आणि भांडायला जवळ येतो. कॉन डुरकला, अ‍ॅबने उत्तर दिलं. अ‍ॅब डुरकला, कॉनने उत्तर दिलं. दोघेही उत्तम डुरकायचे. असे तासभर ते एकमेकांकडे सरकत राहिले आणि शेवटी नेच्यांच्या दाटीत काहीतरी तपकिरी हललं. अ‍ॅबने गोळी घातली. कॉनच्या छातीत ती शिरली तिथे बोट जाईल एवढं भोक होतं आणि पाठीत निघाली तिथे मूठ जाईल एवढं. त्याचा तपकिरी स्वेटर माझ्या दुकानातला. मीच म्हणालो होतो, रानात उठून दिसत नाही.

चौकशीत अ‍ॅबने सांगितलं, "मला शिंगं दिसली. टोकं मोजली मी. बारा होती."

हे वाक्य त्याला मरेपर्यंत पुरलं. तीनच दिवस आधी कॉनने दारूच्या गुत्त्यात त्याचे दोन दात पाडले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. सरकारने अपघात म्हटलं आणि बंदूक परत दिली. गावाने काहीच म्हटलं नाही, म्हणजे सगळं म्हटलं. दर एप्रिलला गुत्त्यात कुणीतरी पोरगं चढलं की डार्सीच्या पाठीमागे डोक्यावर बोटं धरतं. दोन्ही हातांची दहाच होतात, म्हणून शेजारचा आणखी दोन धरतो. डार्सी वळतो आणि ती बोटं मोडतो. गेल्या साली एकाची चार मोडली. चमचा धरायला त्याला जुलै उजाडला.

आता अ‍ॅब वारला होता आणि बंदूक विनीकडे आली होती.

"काय करणार तू तिचं?" विनीने विचारलं.

"शनिवारी गुत्त्यासमोर शिकंज्यात धरणार आणि कटरने कापणार. तीन तुकडे. सगळ्यांसमोर."

"म्हणजे मी ती आपणहून दिली असं दिसेल. लोक म्हणतील, टलॉकांनी कबूल केलं, अ‍ॅबने बघून मारलं."

"बघूनच मारलं. बारा टोकं म्हणे. माझ्या बापाला टक्कल होतं, विनी."

विनीने बिशपचे डोळे मिटले. कुत्र्याचे डोळे मिटत नाहीत. तिने दोनदा मिटले. "पप्पा खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"मग ठेव ती बंदूक. आणि डुकरं दातांनी धर."

हिशेब सरळ होता. विनीचं पोट डुकरांवर, आणि अडवणाऱ्या कुत्र्याशिवाय डुक्कर नाही. बंदूक ठेवली तर हंगाम बुडतो. दिली तर बाप खुनी ठरतो. तिने दाभण पुसून गल्ल्यावर परत ठेवलं.

"चव घेऊ," ती शेवटी म्हणाली.

आमच्याकडे जनावर आणि बंदूक अशीच बदलतात. कुत्री डुकरावर बघायची, बंदूक हरणावर. दोघांनी एकेक जीव घेतल्याशिवाय सौदा होत नाही. चव घेतल्यावर नको म्हणता येतं. न घेता नको म्हणणारा भित्रा.

डचेसची चव दुसऱ्याच दिवशी झाली. तिने नदीकाठी एक काळं धूड अडवलं आणि त्याच्या नाकापुढे नाचत राहिली. विनीने मागून त्याचा पाय उचलला, उताणं केलं आणि सुरी काखेतून आत घालून फिरवली. रक्त तिच्या तोंडात गेलं. ती थुंकली आणि डचेसला म्हणाली, "चांगली आहेस गं भवाने." तिच्या तोंडून एवढं कौतुक मी तिच्या नवऱ्यासाठीही ऐकलं नव्हतं, आणि तो तर गेलाच.

मग डार्सीने आपली चव सांगितली. "केटल ओढा. पाइप विनीने वाजवायचा, नेच्यांत बसून. बंदूक मी धरणार."

दुकानात होते नव्हते ते सगळे विनीकडे वळले.

"माझा बाप होता तिथेच बसू का," विनीने विचारलं, "की तुझा होता तिथे?"

"माझा."

"बरं."

मी म्हणालो मीही येतो. "बंदूक माझ्या नोंदवहीतून जाणार, तेव्हा भरून मी देईन. नियम आहे."

"असा नियम नाहीये, म्हाताऱ्या," डार्सी म्हणाला.

"आता आहे."

कॉन मेल्यापासून केटल ओढ्यात एक रीत पडली आहे. माणूस डुरकला की लगेच मोठ्याने खोकतो. नर खोकत नाही. डुरकण्यामागून खोकला आला की समजायचं, माणूस. आम्ही त्याला कॉनचा खोकला म्हणतो. शहरी शिकाऱ्यांना वाटतं आम्हा सगळ्यांच्या छातीत बिघाड आहे.

पहाटेच गेलो. विनी पाइप घेऊन खाली नेच्यांत गेली. अंगात बापाचा जुना तपकिरी कोट. मी म्हटलं, लाल घाल काहीतरी. ती म्हणाली, "खोकला ऐकून तो थांबेल, नाहीतर नाही थांबणार. कळेल तरी." डार्सी आणि मी वर एका पडलेल्या बीचच्या झाडाच्या बुंध्याआड पालथे झालो. मी बंदूक भरून त्याच्या हातात दिली. त्याने दस्ता गालाला लावला आणि तोंड वाकडं केलं, जणू कुणी परक्याने मुका घेतला.

विनी डुरकली आणि खोकली. डोंगरावरून नराने उत्तर दिलं. ती पुन्हा डुरकली, खोकली. नर खाली आला. त्याचा वास आला आधी, मुताचा आणि चिखलाचा. तो फांद्या झोडत होता, ते ऐकू येत होतं. नेच्यांच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती, आणि आम्हाला दोघंही दिसत नव्हती.

ती पुन्हा डुरकली. या वेळी खोकला आला नाही.

का आला नाही ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. नर तिच्यापासून वीस पावलांवर होता. खोकली असती तर तो उधळला असता. कुठल्याही शिकाऱ्याने घसा दाबून धरला असता. कॉनने तरी, आपण माणूस आहोत हे नराला कळू दिलं होतं का?

नेचे हलले. तपकिरी.

"आला," डार्सी पुटपुटला. "शिंगं बघ. दहा टोकं." मग ओठ हलले, मोजले त्याने. "नाही. बारा."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तपकिरी कोटाचा खांदा होता, आणि त्यामागे वाळलेल्या बीचच्या फांद्या. मी तोंड उघडलं. त्याने चाप ओढला.

खट.

फक्त खट. नळीतलं पहिलं काडतूस पोकळ होतं. दारू भरायचं यंत्र जुळवताना वापरतो ते, दिसायला खऱ्यासारखं आणि आतून माझ्या मेहुण्यासारखं रिकामं. बाकीची दोन खरी होती. डार्सी विनीला जाणूनबुजून मारील याची मला भीती होती. मी त्या एका खटक्यापुरतीच तजवीज केली होती. जे झालं त्याची मला भीती नव्हती, कारण ते मला सुचलंच नव्हतं.

खऱ्या नराने आवाज ऐकला आणि पलीकडून झाडोरा मोडत निघून गेला. विनी नेच्यांतून उभी राहिली, पाइप हातात. डार्सीने तिला पाहिलं. तिच्या मागच्या फांद्या पाहिल्या. बंदूक त्याच्या हातून गळून दगडावर आपटली.

"मारला का नाहीस?" विनी वर येत ओरडली. "झोपला होतास काय? एवढा हाताशी आणला मी."

डार्सी गुडघ्यावर बसला आणि ओकला. मटण भरलेला पाव होता. मीच दिला होता सकाळी.

"मारलं मी," तो म्हणाला.

"काय?"

"चाप ओढला. तुझ्यावर. मला शिंगं दिसली, विनी." त्याने तोंड पुसलं. "मोजली मी."

ती उभी राहिली. "किती?"

त्याने दोन्ही हात चिखलात टेकले. तिने पुन्हा विचारलं, हळू. त्याने सांगितलं.

विनीने पाइप दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नाक मोडल्याचा आवाज फांदी मोडल्यासारखा आला. दुसरा फटका कानावर बसला, तिसरा वर केलेल्या हातावर. मोडलेली बोटं तिसऱ्यांदा मोडली. डार्सीने तो हात खाली घेतला आणि चौथ्यासाठी तोंड तसंच समोर ठेवलं. चौथा तिने मारला नाही. पाइप चिरफाळला होता.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. "पप्पा गुत्त्याच्या दारातून आत गेले नाहीत एकतीस वर्षं. तुझ्या तोंडामुळे."

"हो."

"ते खोटं बोलत नव्हते."

"नव्हते." नाकातून रक्त वाहत होतं, शब्द त्यात बुडत होते. "डचेस घेऊन जा. बंदूकही ठेव. मला नको."

"तू कोण देणारा?" तिने दगडावरून बंदूक उचलली, बोल्टचा दांडा मागे ओढला. माझं पोकळ काडतूस उडून शेवाळात पडलं. तिने ते उचललं, हलवून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. एवढी वर्षं दुकान चालवलंय, कुठे बघायचं ते कळतं.

तिने उरलेली दोन काढून खिशात टाकली. मग चाप दाबून धरला आणि पूर्ण बोल्ट बाहेर ओढला. बोल्ट म्हणजे बंदुकीचा जीव. तो नसला की उरते ती काठी. तो तिने डार्सीच्या चांगल्या हातात ठेवला.

"हा तुझ्या घरी राहील. बंदूक माझ्या घरी. कापायची वाटली तर बोल्ट काप. पण आधी गुत्त्यात जायचं आणि सांगायचं, तुला किती टोकं दिसली ते. शनिवारीच. सगळ्यांसमोर."

"आणि डचेस?"

"अर्ध्या बंदुकीला अर्धी कुत्री. आठवडा तुझा, आठवडा माझा. पिल्लं निम्मी निम्मी."

"विषम झाली तर?" मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

"तू गप्प बस, मर्व," दोघंही म्हणाली.

शनिवारी गुत्ता भरला होता. डार्सीचं नाक जांभळं, हात फळीला बांधलेला. तो बोलायला उभा राहिला, तेवढ्यात मागून एका पोराने, ज्याला काही माहीत नव्हतं, सवयीने डोक्यावर बोटं धरली. शेजारच्याने दोन जोडली. डार्सी वळला. सगळ्यांनी आपापले पेले उचलून घेतले.

तो खोकला. कॉनचा खोकला, मोठ्याने, एकदाच. नाकातून पुन्हा रक्त आलं.

दारातून विनी खोकली. पोराने बोटं खाली घेतली.