लिटरला दहा

शिवप्रकाशने गाडीतल्या पाण्याच्या टाकीचा नळ उघडला आणि अर्धी टाकी रस्त्याकडेच्या बाभळीच्या बुडाशी सोडून दिली.

“एक कळशी तर भरून घेऊ द्या,” वैजयंती म्हणाली.

“चाळीस लिटर म्हंजे चाळीस किलो. पुढं कुठंबी मिळतंय पाणी.”

बोरी गाव मागे पडलं होतं. धुकं अजून कापसावरून उठलं नव्हतं. बोंडं कुठं संपतात आणि धुकं कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. त्या पांढुरक्या उजेडात त्यांची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. आतली आसनं काढून तिथं पलंग, शेगडी आणि भांड्यांची फळी बसवलेली. चौतीस वर्षं एसटी चालवून शिवप्रकाश निवृत्त झाला, तेव्हा डिझेल बचतीची तीन प्रशस्तिपत्रं त्याच्या नावावर होती. आणि चौतीस वर्षं वैजयंतीने त्याला दारातून निरोप दिला होता. आता दोघं मिळून मानवतहून निघाले होते, नर्मदेकडे. रात्र पडेल तिथं झोपायचं, एवढंच ठरलं होतं.

पण गाडी डिझेल फार पीत होती. महिनाभर पेडगावपर्यंत चकरा मारून त्याने ताडून पाहिलं होतं. लिटरला दहा किलोमीटर जायला हवी, ती सातच जात होती. त्याने छतावरचा कॅरिअर उतरवला, चाकांतली हवा नीट केली, एअर फिल्टर बदलला. वैजयंतीचा पाटा-वरवंटा वजनापायी घरी राहिला. आज पहाटे परभणीत टाकी काठोकाठ भरली, बोरीला पुन्हा भरून पाहिली. सातच.

“कुठंतरी गळायलंय,” म्हणत त्याने पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली सरकला. पाणी सोडताना चपला भिजू नयेत म्हणून काढल्या होत्या. अनवाणी पाय तेवढे बाहेर राहिले.

वैजयंती त्या पायांशी बसली. उजव्या तळव्यात दोन सराटे रुतले होते. काटे चांगले खोल गेलेले, रक्त वाळायला आलेलं. तिने एक उपटला. पाय हलला नाही. दुसरा उपटला.

“पाईप तर कोरडाच हाय,” खालून आवाज आला.

तिने अंगठ्याचं नख तळव्यात रुतवलं. जोरात.

“टाकीबी भायरून कोरडी. मग जायलंय कुठं डिझेल?”

तिने नख काढून घेतलं आणि तो पाय थोडा वेळ नुसताच हातात धरून ठेवला.

तो बाहेर आला तेव्हा ती स्टिअरिंगमागे बसली होती.

“हे काय?”

“जिंतूरपस्तोर मी चालवते. धनूनं शिकवलं, लायसन काढून दिलं, ते काय पेटीत ठेवायला?”

“लेकीच्या कारीवर शिकलीस तू. ही केवढी गाडी!”

“बसा तर खरं.”

तो डावीकडे बसला. दुसरा गिअर टाक, असं म्हणेपर्यंत तिने टाकलेला असायचा. इंजिन कुठं ओरडलं नाही. उतार आला की ती पाय उचलायची, आणि गाडी आपल्याच तंद्रीत धुक्यातून वाहत जायची. हळूहळू तो बोलायचा थांबला.

जिंतूरच्या पंपावर टाकी बघता बघता भरली.

“परत दाब की,” तो पंपावरच्या माणसाला म्हणाला.

“काका, काठाला आलंय. बघा तुमीच.”

लिटरला साडेदहा किलोमीटर पडत होते. तो येऊन बसला. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला. तळव्याला चिमटा काढला. आणखी एक काढला. दोन लाल ठिपक्यांकडे बघत राहिला.

“कवापासून?” तिने विचारलं.

“दिवाळीपासून. घोट्याखाली समदं बधिर हाय.” त्याने पाय खाली ठेवला. “पाय किती दाबला, कळतच न्हाई. बोललो असतो तर तू गाडी इकायला लावली असतीस.”

वैजयंतीने किल्ली फिरवली.

“आधी हितंच डॉक्टरला दाखवू. मग नर्मदा. गाडी मी चालवते.”

दुपारी डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेऊन गावाबाहेर पडले तेव्हा ऊन पिवळं, पातळ होतं. टेकड्यांच्या पायथ्याशी एक तळं चमकलं. या रस्त्याने, नजर समोर ठेवून, त्याने हजारदा बस नेली होती.

“हे तळं कधी झालं गं?”

“काठावरच्या पायऱ्या झिजल्यात,” ओझरतं बघून नजर पुन्हा रस्त्याकडे वळवत ती म्हणाली. “जुनं असंल.”

त्याने काच सरकवली आणि तळं मागे गेलं तरी तो मान वळवून बघत राहिला.