पट्टी एकराची, पाणी वरच्याचं

मंडळी, आता मी सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये! पण आपल्या पाणीपुरवठा संस्थेच्या सभेला माणसं जमेपर्यंत ऐकायला काय जातंय?

आपल्यासारख्याच एका गावात आकाराम नावाचा बागायतदार होता. नदीवरच्या मोटारीचं पाणी पाटात पडलं, की पहिलं त्याच्या रानात. पाणीपट्टी एकरावर ठरलेली. तासभर पाजा नाहीतर दोन दिवस पाजा, पट्टी तेवढीच. मग पाणी खाली सोडायची घाई कोणाला? त्याचा ऊस एवढा उंच झाला, की कावळ्याला शेंड्यावर पोचायला मध्ये एकदा विसावा घ्यावा लागे. रानातले बेडूक पोहून पोहून कंटाळले आणि कळंब्याच्या तलावावर हवापालटाला गेले!

पाटाच्या शेवटच्या टोकाला चिमणाबाई कांबळेचं वीस गुंठे रान. तिथं पाणी पोचायचं ते पाट ओला होण्यापुरतं. पट्टी मात्र त्याच दरानं, आणि तीही उसाच्या बिलातून आधीच कापलेली. त्या उसावर तिच्या नातीचं नर्सिंगचं कॉलेज चालायचं. चैत्रात त्या उसाची पानं सुतळीसारखी वळली, तेव्हा म्हातारी सभेत उभी राहिली.

"चेअरमनसाब, पट्टी तासावर लावा. जेवढं पाणी घ्याल, तेवढं भरा."

आकाराम हसला. "म्हातारे, मी फुकट घेतोय व्हय? एकराची पट्टी भरतोय. रान माझं, किती बी पाजीन!"

"भरतोस की. मी बी भरती. पर तू मलकापूरचं तिकीट काढतोस आन् मलकापुरात उतरतोस. मला त्याच तिकिटात बांबवड्यात उतरवत्यात. म्होरली वाट मी चालत जायची. मग माझं ऱ्हायलेलं तिकीट कोण खातंय रं?"

सभा हसली. म्हातारी हसली नाही.

"आन् तू बी सुखात न्हाईस. ताटाचं पैसं दिल्यात म्हणून कोण पोट फुटंस्तवर जेवतंय व्हय? तुझ्या रानाला अजीर्ण झालंय. जा, बांध बघून ये."

आकाराम बांधावर गेला. बांध पांढराफेक! जमिनीनं मीठ ओकलेलं! पुढं पुढं तर न्याहारीला मिठाची पुडी लागेना. भाकरी मातीला टेकवली की झालं. ऊस पिवळा पडला होता आणि उपटला तर मुळांना कुजका वास येत होता. मंडळी, हे वासाचं तेवढं खरं माना.

पुढच्या सभेत आकारामनं सगळ्यांच्या आधी हात वर केला! पट्टी तासावर आली. वरचे लोक घड्याळ बघून पाणी घेऊ लागले आणि पाट शेवटच्या टोकापर्यंत खळखळत गेला. चिमणाबाईच्या वीस गुंठ्यांत असा ऊस आला, की तिनं अख्ख्या गावाला गूळ वाटला.

तेव्हा बंधूंनो, तात्पर्य सरळ आहे. पाणी एकरावर विकलं, की वरचं रान बुडून मरतं आणि खालचं तहानेनं. दोघंही पट्टी भरतच राहतात. पाणी मोजून घेतलं, तरच...

"थांबा, आबा. थापा मारू नका."

मागच्या रांगेतून निशा उठली. चिमणाबाईची नात. आजीच्या जागी सभासद म्हणून पहिल्यांदाच सभेला आलेली.

"गूळ कुणी खाल्लाय? हात वर करा बघू! आज्जी त्याच चैत्रात गेली. पाटाला पाणी न्हाय म्हणून नदीवरनं कळशीनं ऊस पाजत हुती. बांधावर पडली तवा कळशी कमरंवरच हुती."

निशा माझ्याकडं वळली.

"आन् दुसरं गाव कुठलं? ह्येच गाव. आकाराम बी कोण न्हाय. पांढरा बांध तुमचा हाय, केरबाआबा. आज्जीचा ठराव एका हातानं पडला, त्यो वर न झालेला हात बी तुमचाच. आज परत त्योच ठराव हाय. गूळ काय आता मिळायचा न्हाय. पर हात वर करा, गोष्टीतलं तेवढं तरी खरं हुईल."

मी हात वर केला.