वावटळीतला फोटो

फोटो काढताना कुणी मध्ये आलं की माझं डोकं फिरतं. कुणाचा म्हातारा नाक शिंकरत कॅमेऱ्यासमोरून जातो, कुणाचं पोर नवरीच्या मांडीवर चढून बसतं, आणि हल्ली तर दर फोटोला दहा मोबाइल माझ्या आधी वर होतात. शिरपूरला माझा स्टुडिओ आहे. वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. "नरेंद्र फोटो बेस काढते, पण अंगावर येते," असं लोक माझ्याबद्दल बोलतात, आणि ते खोटं नाही.

गेल्या मे महिन्यात जऊळक्याला हरीओमचं लग्न होतं. तो चौथीत असताना त्याचे वडील वारले. आई रंगूबाईंनी एकटीनं शेत सांभाळून त्याला शिकवलं, नोकरीला लावलं. पण लग्नाचा सगळा कारभार हरीओमचे मोठे काका जगदेव यांच्या हाती होता. फोटो किती, कोणते, कोणासोबत, हेसुद्धा तेच सांगत होते.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. ग्रुप फोटो लावताना कोण सवाष्ण आणि कोण विधवा, हे मी आधीच हेरून ठेवतो. घरच्यांनी डोळे वटारायच्या आत मीच विधवा बाईला गोड बोलून बाजूला करतो. मग कुणाला तोंड वाईट करावं लागत नाही आणि काम पटापट उरकतं. बाबा गेल्यानंतर माझं लग्न झालं तेव्हा माझी आई वच्छला पहिल्या रांगेत मधोमध उभी होती, आणि आमच्या बौद्धांच्या वस्तीत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या मांडवात आपण कशाला शहाणपणा करायचा, असं मी स्वतःला समजावत आलो होतो.

अक्षता पडल्या. स्टेजवर हरीओम, नवरी योगिनी आणि मागं पाहुण्यांची रांग, असा फोटो मी लावला. तेवढ्यात रंगूबाई आल्या. अंगावर नवी साडी, घडीची मोड अजून दिसत होती. त्यांनी स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवला. हरीओमनं आईकडे पाहिलं, मग काकांकडे आणि मग माझ्याकडे.

"काकू, जरा बाजूले व्हा," मी म्हणालो. "फोटोत येऊन राह्यल्या तुमी."

"हो बाप्पा, तुहं काम होऊ दे," असं म्हणून त्यांनी पाय खाली घेतला आणि मांडवामागं जिथं पोळ्या चालल्या होत्या तिकडं निघून गेल्या.

हरीओमची मान जी खाली गेली ती वर येईना. मी आपला ओरडतोय, "नवरदेव, इकडं पाहा, हसा जरा!" काय हसणार तो? मलाच तेव्हा अक्कल नव्हती.

पहिली पंगत उठली. काकांनी उरलेल्या पाहुण्यांना स्टेजवर ओळीनं उभं केलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावणार तोच हवा एकदम पडली, आणि रेल्वे स्टेशनच्या बाजूनं वावटळ थेट मांडवात शिरली. पत्रावळी उडाल्या, बिछायतवाल्यानं ताणलेलं मांडवाचं कापड फाटलं आणि स्टेजवरचा लोखंडी खांब दोर तोडून नवरा-नवरीवर झुकला. मामा, मावशा, काका, ज्याला जिकडं वाट मिळाली तिकडं तो पळाला. नवरा-नवरीला मात्र पळता येईना. दोघांच्या शेल्यांना गाठ मारलेली. तो डावीकडं ओढतोय, ती उजवीकडं, आणि दोघं जागच्या जागी.

धुळीतून रंगूबाई धावत आल्या. कणकीनं भरलेल्या हातांनी त्यांनी खांब धरला आणि खांद्यावर पेलला. हरीओमनं तो दुसऱ्या बाजूनं धरला. योगिनीनं सासूच्या कमरेला मिठीच मारली.

"अवो, दोघं एका अंगानं तरी पया ना," रंगूबाई म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. त्यांचं पाहून ते दोघंही हसायला लागले. माझं बोट बटण दाबत राहिलं.

दोन मिनिटांत सगळं निवलं. माणसं परत आली, खांब बांधला गेला. जगदेवकाका टोपी झटकत माझ्याकडे आले. "मधातले थे फोटो काढून टाक. अल्बममंधी नको." मी हो म्हणालो. रंगूबाई तोवर पोळ्यांकडं परतल्या होत्या.

स्टुडिओत आल्यावर फोटो पाहायला बसलो. सहाशेच्या वर फोटो होते. त्यांतल्या एकाच फोटोत नवरदेव मान वर करून हसत होता. आईच्या केसांत धूळ, गालावर कणीक, साडी अस्ताव्यस्त, आणि तिघांचे दात दिसताहेत. मला माझी लाज वाटली. वीस वर्षांत मी किती आयांना बाजूला केलं असेल, त्याचा मला हिशेब लागेना. तो फोटो मी अल्बमच्या पहिल्या पानावर पूर्ण पानभर लावला. काका अल्बम तोंडावर फेकतील तर फेकोत, असं म्हटलं खरं, पण जऊळक्याला जाताना वाटेत दोनदा गाडी थांबवली.

काका अंगणात बाजेवर बसले होते. हरीओम आणि योगिनी शेजारी उभे. रंगूबाई दाराच्या आत, डोक्यावर पदर. काकांनी अल्बम उघडला आणि पहिल्याच पानावर थांबले.

"हे धूळ पुसता येते काय कंप्युटरवर?" त्यांनी विचारलं.

"येते," मी म्हणालो.

रंगूबाई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलत नसत. दाराआडून त्यांनी सुनेला सांगितलं, "योगिनी, त्यायले सांग, धूळ राहू द्या मनाव. धूळ पुसली तर लोकं इचारतीन, हे बाई तथी कायले आली."

रंगूबाई आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक फोटो घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला. हरीओमच्या साखरपुड्याचा, मीच काढलेला. उजव्या कडेला एक स्टीलचं ताट आणि ते धरलेला, बांगड्या नसलेला हात आला होता. मनगटाच्या पुढं माझा फोटो संपत होता.

"हा माहा हात हाय," त्या म्हणाल्या. "हरीओमसंग माहा एवढाच फोटो होता. मनून ठेवला."

जगदेवकाकांनी तो फोटो मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला, परत दिला. मग ते बाजेवरून उठले आणि फाटकाकडं चालू लागले. मला वाटलं, रागावून निघाले. फाटकाशी जाऊन ते थांबले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"योगिनी, तुह्या सासूले बाजेवर बसव. मधात," ते तिकडूनच म्हणाले. "माह्यासमोर थे बसत नाही. मी इथं हावो बाजूले. नरेंद्र, काढ फोटो."

हरीओमनं आईला हात धरून आणलं. रंगूबाई बाजेच्या मधोमध बसल्या, दोन्ही बाजूंना मुलगा आणि सून. त्यांनी पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले.

"दोन्ही हात येतीन ना बावा?" त्यांनी मला विचारलं.

"तुमी सगळ्याच येता काकू," मी म्हणालो. "डोक्यापासून पायापर्यंत."